बाजूच्या खोलीत पोराला मारतायत, आता काय करायचं?

आधी नंबर सेव्ह करा, बाकीचं नंतर वाचा. १०९८, ही लहान मुलांची हेल्पलाइन, चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत. आणि आत्ता या मिनिटाला मारहाण चालू आहे, पोराच्या जिवाचं काही बरंवाईट होईल असं वाटतंय तर सरळ ११२. सेव्ह करताना नावाच्या आधी दोन अ टाका म्हणजे लिस्टमध्ये सगळ्यात वर दिसेल, वेळेला हात इतके थरथरतात की काही शोधून सापडत नाही.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहितेय. आमची चाळ रेल्वे लाइनच्या कडेला, दोन खोल्यांच्या मधे नुसतं पार्टिशन, बाजूच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते आम्हाला कळतं आणि आमच्या त्यांना. तिकडे नवीन भाडेकरू आले, नवरा बायको आणि चार वर्षांचा मुलगा. पहिल्या आठवड्यात नुसता ओरडा ऐकू यायचा, मग फटक्यांचा आवाज, आणि मग एका संध्याकाळी तो पोरगा जिवाच्या आकांताने ओरडला आणि एकदम गप्प झाला. ते गप्प होणं मला अजून आठवतं. आणि मी काय केलं तर टीव्हीचा आवाज वाढवला. एक दिवस नाही, तीन आठवडे. दुसऱ्याच्या घरात कशाला पडायचं, आईच आहे ना ती त्याची, आपणही लहानपणी खाल्लाच की मार, असं स्वतःला सांगत राहिले. आणि त्याच दिवसांत चाळीच्या ग्रुपवर कुठल्यातरी पाळणाघराचा व्हिडिओ फिरत होता, सगळे संतापलेले, चौकात उभं करा, हात तोडा, फाशी द्या, मी पण लिहिलं होतं त्यात. तो राग खोटा नव्हता माझा, झोप लागली नव्हती तो व्हिडिओ बघून. पण ज्या पोराचा आवाज मला रोज येत होता त्याच्यासाठी मी कडीसुद्धा वाजवली नव्हती. मग एका सकाळी नळावर त्याच्या पोटरीवर चटका दिसला, कडा एकदम स्वच्छ, उलथण्याच्या टोकासारख्या. त्या दिवसापासून पुढे जे शिकले ते हे.

आवाज येतोय तेव्हा आधी कडी वाजवा

पहिलं काम भांडण करायचं नाहीये, पहिलं काम मार थांबवायचं आहे. दारावर जा आणि काहीही मागा, विरजण मागा, पाणी आलं का विचारा, तुमचं कुरियर आमच्याकडे आलंय का बघा म्हणा. मारणाऱ्या माणसाला बाहेरचं कुणीतरी दिसलं की हात खाली येतो, निदान त्या वेळेपुरता. मग जमलं तर पोराला बाहेर काढा. मी म्हणायचे, "वहिनी, मी भाजी निवडतेय, द्या याला तासभर माझ्याकडे, मला पण सोबत होईल." आईला त्या क्षणी तिच्या चुका सांगू नका, कानउघाडणी तर अजिबात नको, कारण तुम्ही निघून गेल्यावर त्याचा राग पोरावरच निघतो. आणि 'तुमच्या मुलाने मला सांगितलं' हे वाक्य तर मेलं तरी तोंडातून काढू नका.

पुरुष दारू पिऊन आहे, हातात काही आहे, बाईलापण मारतोय असं असेल तर एकट्याने जाऊ नका. दोघं तिघं जा किंवा ११२ लावा. बाईला मारहाण होत असेल तर १८१ हा महिलांचा नंबर आहे, आणि खूप घरात हे एकाच वेळी चाललेलं असतं, बाई मार खाते आणि ती पोराला मारते. आमच्या बाजूला तसंच निघालं नंतर. याचा अर्थ तिला माफ करा असं मी म्हणत नाहीये, पोराच्या पोटरीला त्याने काही फरक पडत नाही, पण मदत दोघांना लागेल एवढं डोक्यात ठेवा.

वही करा, आजपासून

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि कुणीच करत नाही. कुठलीही वही घ्या, तारीख, वेळ, काय ऐकलं, काय पाहिलं, अजून कोण होतं, एवढंच लिहा. स्वतःचा अंदाज वेगळा ठेवा. 'आई राक्षस आहे' हे लिहून उपयोग नाही. 'मंगळवार, रात्री सव्वानऊ, लाकडी वस्तूने मारल्यासारखा आवाज सात आठ वेळा, मुलगा नको नको म्हणत होता, दहा मिनिटांनी थांबलं, सकाळी डाव्या कानामागे लाल वळ दिसला' असं लिहा. असं लिहिलेलं असलं की हेल्पलाइनवाला असो, पोलीस असो, कुणीच म्हणू शकत नाही की ताई तुमचा गैरसमज झाला असेल. आणि तुम्हाला स्वतःलाही कळतं की हे एकदा झालेलं नाही, पंधरा दिवसात सहा वेळा झालंय. फोन लावायची माझी हिंमत त्या पानावरूनच आली.

कुठले व्रण बघायचे

पोरं पडतात, खरचटतात, ते गुडघ्याला, ढोपराला, कपाळाला, नडगीला, म्हणजे जिथे हाड पुढे असतं तिथे. ते नॉर्मल आहे. काळजी करायची ती कानावर, मानेवर, गालावर, पोटावर, पाठीवर, मांडीच्या आतल्या बाजूला व्रण दिसला तर, कारण पडून तिथे सहसा लागत नाही. जे बाळ अजून रांगतसुद्धा नाही त्याच्या अंगावर काळानिळा डाग दिसला तर कारण काहीही सांगू दे, डॉक्टरला दाखवलंच पाहिजे. भाजल्याचं बघायचं तर अंगावर गरम सांडलं की ते वेडंवाकडं ओघळतं, पण दोन्ही पाय किंवा दोन्ही हात मोजा घातल्यासारखे सरळ रेषेत भाजलेले असतील, किंवा उलथणं, इस्त्री, सिगारेटचा आकार दिसत असेल तर ते सांडलेलं नाही, मुद्दाम दिलेलं असू शकतं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना जन्मतःच कमरेवर, ढुंगणावर निळसर करडे डाग असतात, ते माराचे नसतात, काही वर्षात फिके होतात. व्रण दोनचार दिवसात रंग बदलतो, हिरवट पिवळा होत जातो, जन्मखूण आठवडाभर आहे तशीच राहते. उगाच कुणा आईवर आळ घेऊ नका. आणि शेजारच्या पोराचे कपडे काढून तपासायला तर अजिबात जाऊ नका, जे सहज दिसतं तेवढंच लिहा.

तान्ह्या बाळांचं वेगळं आहे. रडतंय म्हणून धरून गदागदा हलवणं हे फटक्यापेक्षा वाईट, मान धरलेली नसते, डोकं जड असतं, आत मेंदूला रक्तस्राव होतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बाळ अचानक सुस्त पडलं, दूध ओढत नाही, उलट्या करतंय, झटके आले, तर वाट बघू नका, मुंबईत परळचं वाडिया, केईएम, सायन, नायर, कूपर, जे हॉस्पिटल जवळ असेल तिथे उचलून न्या आणि काय झालं ते डॉक्टरला खरं सांगा, त्यावरच उपचार ठरतात.

१०९८ ला फोन केला की काय होतं

लोक घाबरतात म्हणून सविस्तर सांगते. ही हेल्पलाइन आपल्या मुंबईतच सुरू झाली, १९९६ साली, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा प्रोजेक्ट म्हणून, जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी काढली आणि मग देशभर गेली. आता ती सरकारचा महिला बालविकास विभाग चालवतो आणि ११२ शी जोडलेली आहे. फोनवर विचारतात मूल केवढं आहे, कुठे आहे, काय झालंय, आत्ता सुरक्षित आहे का. स्वतःचं नाव सांगायचं नसेल तर तसं सांगा. पत्ता मात्र पक्का द्या, नुसतं 'भांडुपला एका चाळीत' म्हणून कुणी पोचू शकत नाही, चाळीचं नाव, खोली नंबर, जवळची खूण, मूल कुठल्या वेळी घरी असतं, सगळं. वही समोर ठेवून बोला.

मग माणूस येऊन बघून जातो, घरच्यांशी बोलतो, गरज असेल तर प्रकरण बाल कल्याण समितीकडे जातं. या समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि तिला मॅजिस्ट्रेटसारखे अधिकार असतात. आता मोठी भीती. आपण मुंबईची पोरं 'डोंगरीला टाकीन', म्हणजे तिथल्या बालगृहात, असं ऐकत मोठी झालोय, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की फोन केला की पोराला उचलून बालगृहात टाकतील आणि पाप आपल्याला लागेल. तसं नाहीये. मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं बाल न्याय कायद्यातच लिहिलंय. आधी घरच्यांना समजावणं, समुपदेशन, लक्ष ठेवणं, नाहीतर आजी, मावशी, काका असं कुणी नातेवाईक, आणि हे काहीच नसेल तर संस्था. आमच्या बाजूच्या पोराला त्याच्या आजीकडे काही महिने ठेवलं होतं.

एका फोनने काम होईलच असं नाही हेही सांगते. मला दोनदा परत करायला लागला. तक्रारीचा नंबर मागून घ्या, वहीत लिहा, आठवड्याने विचारा काय झालं.

प्ले ग्रुप, शाळा, ट्यूशन

घरापेक्षा इथे लोक लवकर भडकतात, आणि भडकायलाच हवं, कारण आपण विश्वासाने पैसे देऊन पोर सोपवलेलं असतं. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारलेलं सीसीटीव्हीत दिसलं होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला, तक्रार घ्यायला पालकांना पोलीस स्टेशनला तासन्‌तास बसवून ठेवलं आणि मग २० ऑगस्टला लोक रुळावर उतरले, लोकल दिवसभर बंद राहिल्या. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये वसईत शाळेला उशिरा आली म्हणून सहावीतल्या मुलीला उठाबशा काढायला लावल्या, ती आजारी पडली आणि काही दिवसांनी गेली. दरवेळी आपण हादरतो. आणि दरवेळी माझ्या मनात येतं की त्या वर्गातलं दुसरं एखादं पोर आधी घरी येऊन काही बोललं असेल, आणि आपण म्हणालो असू, तू मस्ती केली असशील.

तर पोर म्हणालं की टीचर मारते, तर आधी ऐकून घ्या. तीन चार वर्षांच्या पोराला 'टीचरने मारलं का, इथे मारलं का' असं विचारलं की ते हो म्हणतं, काहीही विचारलं तरी हो म्हणतं, आणि नंतर त्याच्या बोलण्याला किंमत राहत नाही. 'हे कसं झालं सांग', 'मग काय झालं', 'तेव्हा तू कुठे होतास' असं मोकळं विचारा. एकदा विचारा. मग आजीसमोर सांग, पप्पांसमोर सांग, मामीला फोनवर सांग असं करत सुटू नका, पोराला वाटतं आपणच काहीतरी चुकीचं बोललो. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, ते 'ढिशूम केलं' म्हणालं तर ढिशूमच लिहा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका कारण सांगावं लागणार आहे. एवढंच म्हणा, तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही. अचानक शू व्हायला लागणं, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखणं, बाहुलीला तसंच मारणं, हे पण बोलणंच असतं.

मग शाळेत तोंडी तक्रार करून परत येऊ नका. लेखी द्या, दोन प्रती करा, एकीवर सही शिक्का आणि आवक नंबर घ्या. घेत नाही म्हणाले तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि ईमेलही टाका. सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असं त्याच पत्रात तारीख वेळ घालून मागा, कारण जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं आणि मग सगळेच हात वर करतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी. कोंबडा करणं, अंगठे धरून उभं करणं, उन्हात उभं करणं, सगळ्यांसमोर 'ढ' म्हणून लाज काढणं, सगळं त्यात येतं. तो कायदा सहा ते चौदा वयासाठी, म्हणून नर्सरीवाले कधीकधी म्हणतात आम्हाला लागू नाही. त्यांना बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ दाखवा, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारलं, छळलं, दुर्लक्ष केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही, आणि मुलं सांभाळणाऱ्या संस्थेच्या माणसाने केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. फ्लॅटमध्ये चालणारा प्ले ग्रुप असला तरी यातून सुटत नाही.

शाळेवरचं ऑफिस कुठलं हे मुंबईत गोंधळाचं आहे. प्राथमिकसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग, माध्यमिकसाठी शिक्षण निरीक्षक, त्यांची दक्षिण, उत्तर आणि पश्चिम अशी तीन ऑफिसं आहेत. पत्राची एक प्रत राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाला पण पाठवा. आणि इतर पालकांना गाठा, ग्रुपवर नाही, प्रत्यक्ष, गेटवर, एकेकाला. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी एकटीने तक्रार केली तर शाळा म्हणाली तुमचाच मुलगा हट्टी आहे, सहा पालक एकत्र गेल्यावर त्याच शाळेने त्या टीचरला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं. (घरी बसवलं म्हणजे झालं असं नाही, उद्या ती दुसऱ्या नर्सरीत लागेल, म्हणून लेखी रेकॉर्ड हवंच.)

व्हिडिओ फॉरवर्ड करू नका, हात जोडते

सगळ्यात चांगल्या मनाने सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आपल्याला वाटतं पसरला तर न्याय मिळेल. पण त्यात त्या पोराचा चेहरा असतो, शाळेचा ड्रेस असतो, गल्ली दिसते, आणि ते पोर मोठं झाल्यावर त्याचं रडणं कुणाच्या तरी फोनमध्ये राहिलेलं असतं. अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आणि पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ दोन्हीत. शाळेचं किंवा आईबापाचं नाव टाकलं तरी ओळख उघड होते. व्हिडिओ आला तर तो डिलीट न करता ठेवा, कुणी कधी पाठवला ते लिहा, १०९८ ला किंवा पोलिसांना द्या, आणि ग्रुपवर एवढंच लिहा की दिलाय, पुढे पाठवू नका. आणि कृपा करून जमाव घेऊन व्हिडिओतल्या बाईला मारायला जाऊ नका. मला तो राग कळतो, माझेही हात शिवशिवतात, पण मारहाण झाली की उलटी केस तुमच्यावर होते, खरी केस मागे पडते, आणि पोर तिथेच कुठेतरी उभं राहून परत मारच बघतं.

पोलीस स्टेशनला जाताना

प्रत्येक पोलीस स्टेशनला एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो, जाऊन त्यालाच भेटायचंय असं सांगा. नुसत्या मारहाणीला बऱ्याचदा एनसी घेतात आणि कागद देऊन परत पाठवतात. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, त्यात कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. म्हणून दोन गोष्टी. एक, तापलेल्या वस्तूने चटका दिला असेल तर ते साधं मारणं नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ मध्ये गरम पदार्थाने इजा करणं वेगळं धरलंय आणि ते दखलपात्र आहे, म्हणजे एफआयआर व्हायला हवा. हे बोलताना डॉक्टरचा कागद हवा, सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलला केसपेपर काढताना 'मारहाण' असं स्पष्ट सांगा म्हणजे ते एमएलसी, म्हणजे पोलीस केस म्हणून नोंद, करतात. दोन, एनसीवर थांबलं तर त्याची प्रत घेऊन बाल कल्याण समितीला लेखी अर्ज द्या. एफआयआर घेतच नसतील तर डीसीपींना, म्हणजे पोलीस उपायुक्तांना, लेखी पाठवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. हद्दीवरून परत पाठवत असतील, घर मुलुंडला आणि शाळा ठाण्याला असं असेल, तर झिरो एफआयआर कुठेही होते.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर सगळं बदलतं. पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, शेजाऱ्याला, टीचरला, डॉक्टरला, सगळ्यांना. न सांगणं हाच गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं लपवलं तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर उलट कारवाई होत नाही. पोराला आंघोळ घालू नका, कपडे धुवू नका, कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, आणि लगेच हॉस्पिटल गाठा. प्रायव्हेट असलं तरी उपचार फुकट आणि लगेच द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं असा कायदा आहे. मुलीला लेडी डॉक्टरच तपासणार. जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल तिथे घ्यायचा, अधिकारी साध्या कपड्यात, शक्यतो बाई, पोराच्या जवळचं माणूस सोबत, आणि रात्री कुठल्याही कारणाने मुलाला पोलीस स्टेशनमध्ये ठेवता येत नाही. हे तुमचे हक्क आहेत, विनंती करायची गरज नाही, पण आवाज न चढवता आणि तिथून न हलता सांगायची तयारी लागते. सोबत एक खंबीर माणूस न्या, पाण्याची बाटली न्या, पोराला शक्यतो नेऊ नका.

आणि आपला स्वतःचा हात

हे टाळून पुढे जाता येणार नाही. २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास केला होता, त्यात तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्क्यांना मारणारे आईवडीलच होते. राक्षस म्हणून वेगळी माणसं नसतात. मी पण मुलीला मारलंय, दुसरीत होती, सातच्या पाढ्यावरून, दिवसभर ऑफिस, मग लोकलमध्ये दीड तास उभी, घरी पाणी गेलेलं, आणि ती चौथ्यांदा चुकली. तिच्या गालावर बोटं उठली होती. दुसऱ्या दिवशी मी नुसतं दप्तर उचलायला हात पुढे केला तर तिने मान खाली घालून डोकं झाकलं. नंतर मी तिची माफी मागितली, शब्दात, सॉरी माझं चुकलं म्हणून.

आम्ही मार खाऊनच सरळ झालो म्हणणाऱ्यांना मी एकच विचारते, तुम्हाला त्या मारातून गणित आठवतं की मारणारा आठवतो. स्वीडनने १९७९ मध्येच घरात मारण्यावर पण बंदी घातली. आपल्याकडे घरच्या मारावर अशी थेट सरसकट बंदी नाही, म्हणून ते आपल्यालाच ठरवायला लागतं.

मला जे उपयोगी पडलं ते सांगते. घरी आल्यावर पहिली पंधरा मिनिटं अभ्यास नाही, आधी हातपाय, चहा, मग वही. हात वर येतोय असं वाटलं की मोरीत जाऊन तोंडावर पाणी, दार लावून. तान्हं बाळ असेल आणि रडणं थांबत नसेल तर त्याला जमिनीवर गादीवर पाठीवर झोपवा आणि पाच मिनिटं दाराबाहेर उभ्या राहा, रडून बाळाला काही होत नाही, हलवून होतं. दीड महिन्याच्या आसपास बाळं सगळ्यात जास्त रडतात, नंतर कमी होतं, हे मला कुणी बाळंतपणात सांगितलं असतं तर मी रात्री रात्री स्वतःला दोष देत बसले नसते. शेजारणीला हाक मारा, घे गं याला जरा, म्हणायला लाजू नका. डोकं खरंच ताब्यात राहत नसेल, रडू येत असेल, तर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि मारायचं नाही म्हणजे शिस्त नाही असं नसतं. सांडलं तर पुसायला लावा, मोबाइल काढून घ्या, खेळायला पाच मिनिटं उशिरा सोडा, पण जे बोललात ते रोज तसंच करा.

बाजूचा पोरगा आता परत आलाय, सहा वर्षांचा झाला. त्याची आई समुपदेशनाला जाते, नवरा गावी गेला तो आला नाही. सगळं छान झालंय असं नाही, ओरडा अजून येतो कधीकधी. आला की मी उठते आणि कडी वाजवते. मागच्या गुरुवारी मी काही मागायच्या आधीच तिने दार उघडून त्याला माझ्याकडे दिलं, म्हणाली, "ताई, याला घेऊन जा थोडा वेळ, माझं डोकं फिरलंय." मी त्याला चहात बिस्किट बुडवून दिलं आणि वहीत तारीख टाकून तेवढंच लिहिलं.